एकेचाळीस सह्या

१

अर्जाखाली एकेचाळीस सह्या होत्या आणि त्यातल्या एकाही माणसाचं पोट दुखलेलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट वर्षालीच्या ध्यानात यायला चार दिवस लागले, आणि पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचीच चीड येत राहिली. कारण तोवर तिने अहवालाचा खर्डाही लिहून टाकला होता: ‘यशोदा भोजनालय, खारवणे. तात्काळ बंद करण्याची शिफारस.’

वर्षाली प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका होती. माहेर कसालचं, भातशेतीतलं. किनाऱ्यावरच्या लोकांना ती ‘घाटाकडची’ वाटायची आणि तिला ते लोक उर्मट वाटायचे. दोन्ही बाजूंनी हिशेब सारखाच होता.

अर्जासोबत इंटरनेटवरच्या एका पानाची झेरॉक्स जोडली होती. कोकणात फिरणाऱ्यांसाठी काढलेल्या कुठल्याशा साईटवरचं पान. त्यावर लिहिलं होतं:

‘सावधान! गेल्या महिन्यात आम्ही खारवण्याला यशोदा भोजनालयात जेवलो. तिसऱ्यांचं कालवण शिळं होतं. माझ्या पत्नीला रात्रभर जुलाब-उलट्या. मुंबईला येऊन दवाखान्यात ठेवावं लागलं, मरता मरता वाचली. ही बाई पर्यटकांना विष घालते. – एक दुखावलेला प्रवासी.’

खाली फोटो. यशोदाच्या घराची ओटी, ओटीवर टेबल, टेबलावर तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी भरलेलं ताट, मागे भिंतीवर रंगवलेली ‘यशोदा भोजनालय’ ही पाटी. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली, त्यामुळे पाटी आणि ताट सोडलं तर बाकी सगळा काळोख.

२००८ सालच्या जानेवारीत हा कागद खारवण्याच्या घराघरांत पोचला. कोणी वाटला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण वाचला सगळ्यांनी. आठ दिवसांत यशोदाच्या दोन्ही खोल्यांची बुकिंगं रद्द झाली. नवरा गेलेली बाई, त्या दोन खोल्या आणि ती चूल याखेरीज तिला जगायला दुसरं काही नव्हतं.

“फोटोच आहे म्हटल्यावर आणखी काय हवं?” डॉक्टर म्हणाले. “रविवारी ग्रामसभा आहे. अहवाल तिथे वाचून दाखवा आणि मोकळ्या व्हा.”

अहवालाला जागेची पाहणी लागते, म्हणून गुरुवारी सकाळी वर्षाली खारवण्याला गेली. अंगणात पाऊल टाकलं मात्र, मासळी धुतलेलं बादलीभर पाणी सपकन तिच्या पायांवर आलं.

२

“दिसलंस नाय गो माका,” ओटीवरून आवाज आला. दिसली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

यशोदा पन्नाशीची, काटकुळी, पदर कमरेला खोचलेली. तिने बादली पालथी घातली आणि वर्षालीकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर परत फिरली असती. वर्षाली चपला झटकून ओटीवर चढली आणि टेबलावर पिशवी ठेवली. लगेच एक कोंबडी पिशवीवर चढली. दुसरी खुर्चीवर होती. अंगणात दहा-बारा भटकत होत्या, गोठ्याच्या खांबाला गाय बांधलेली होती आणि पायरीवर पिवळा कुत्रा आडवा पडला होता. तो गुरगुरला, पण उठायचे कष्ट त्याने घेतले नाहीत.

“बंद करूक इलात मा? मगे करा. कुलूप हाडलास?”

“नेटवर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत ना?”

“मी खंय वाचलंय!” यशोदा उसळली. “गावातल्या सगळ्यांच्या घरात तो कागद गेलो. माझ्या दारात कोणी हाडून दिलो नाय. माका बघल्यावर तेवढे गप रवतत.”

जिच्यावर आरोप होता तिला सोडून सगळ्यांनी आरोप वाचला होता आणि त्या सगळ्यांत वर्षालीही होती. मग तिने पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. ‘तिसऱ्यांचं कालवण’ हे शब्द आले तसा यशोदाचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळला गेला. पुढचं तिने ऐकलं की नाही देव जाणे. ती उठली, आत गेली आणि दाराला कडी घातल्याचा आवाज झाला.

“यशोदाताई!”

कडी निघाली नाही. भिंतीवर दरपत्रक टांगलं होतं. सवयीप्रमाणे वर्षालीने ते वहीत लिहून घेतलं: बांगडा, सुरमई, कोळंबी, मोरीचं मटण, सोलकढी, घावणे. मग पिशवीवरची कोंबडी हाकलून ती निघाली.

एसटीची वाट बघत तिने ते पान पुन्हा काढलं. काय काय पडताळून बघता येईल, अशी तिने मनात यादी केली आणि यादी होईना. बाईचं नाव नाही. तारीख नाही. दवाखान्याचं नाव नाही. केंद्रातल्या साथीच्या नोंदवहीत डिसेंबरात खारवण्यातून जुलाबाचा एकही रुग्ण नव्हता, ते तिनेच तर लिहिलं होतं! जे जे कोणी तपासलं असतं ते ते नेमकं गाळलेलं. तिने नजर पानाच्या अगदी तळाशी नेली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत काही आकडे होते, आणि ते वाचून तिने आलेली एसटी सोडून दिली.

३

तळाशी छपाईची वेळ होती: २ जानेवारी, अकरा वाजून नऊ मिनिटं. आणि पानावर, मजकुराच्या डोक्यावर, तो लिहिल्याची वेळ: २ जानेवारी, दहा वाजून बावन्न मिनिटं.

मुंबईतल्या कोणी दुखावलेल्या प्रवाशाने पान लिहिलं आणि सतराव्या मिनिटाला ते कागदावर उतरलं. एवढ्या मोठ्या इंटरनेटवर, सतरा मिनिटांत, खारवण्यात वाटण्यासाठी! वाटणारा वाट बघत बसला असेल तरच हे जमलं असतं. म्हणजे लिहिणारा आणि वाटणारा एकच होता आणि तो इथलाच होता.

ती परत वाडीत गेली. पहिलं घर सावित्रीचं, चार खोल्यांची खानावळ. अर्जावरची पहिली सही तिचीच.

“मी कित्याक लिवू?” सावित्री खोबरं किसत म्हणाली. “तिच्याकडची माणसां माझ्याकडे येतत. तिसऱ्या होये म्हटल्यान की ती तोंड वाकडा करून माझ्याच दारात धाडता. माझो तोटो नाय, नफोच आसा.”

“मग सही का केलीत?”

“कागद इलो, केलंय. तिचां बंद झाला तर माझा वाईट थोडाच होताला?” निदान खोटं तरी ती बोलत नव्हती. “लिवणाऱ्याक सोधतास तर तिच्या दिराकडे, बाबलीकडे जावा. रिसॉर्टवाल्याक तिच्या घराची जागा होयी, आणि बाबलीची सही झाली तरी हिची होत नाय. दोन वर्सां अबोलो आसा. गावपळणीत खोपी शेजारी शेजारी, पण तोंडातून शबुद नाय. तिच्या कोंबड्यांनी मात्र तीन रात्री कोणाक झोपूक दिल्यानी नाय!”

गावपळण म्हणजे काय ते जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. खारवण्यात दर तीन वर्षांनी, देवाचा कौल झाला की, अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर खोपी घालून राहतो. गुरं, कुत्रे, कोंबड्या, सगळ्यांसकट. मागे काळं मांजरसुद्धा ठेवायचं नाही. या खेपेची पळण डिसेंबरातच झाली होती.

बाबलीचं घर देवळाजवळ. देवस्थानचा मानकरी, पांढराशुभ्र सदरा, आणि मॅडम आल्यात म्हणून कचेरीतली मराठी.

“माझ्या धाकट्या भावाची बायको आहे ती. मला काय आनंद होतो? मी सही केलेली नाही, बघा तुम्ही.” खरंच, एकेचाळिसांत त्याचं नाव नव्हतं. “पण एकदा छापून आलं, फोटो आला, तर नाही कसं म्हणायचं? देवाच्या गावाचं नाव खराब होतं. पळणीचा ढोल वाजला की शेवटचं घर तपासून मगच मी वेशीबाहेर पडतो. एवढं आम्ही पाळतो आणि एक बाई सगळं घालवते.”

बोलता बोलता त्याने खिशातून मोबाइल काढला. गणपतीला मुंबईच्या मुलाने आणून दिलेला, कॅमेऱ्याचा. नातवाचे फोटो दाखवले. वर्षालीने कौतुक केलं. आणि मग तो अगदी प्रेमाने म्हणाला, “पान लिहिणारा सापडायचा असेल तर सर्वेशला विचारा. सावित्रीचा भाचा. कणकवलीत इंटरनेटचं दुकान त्याचंच आहे.”

४

कणकवलीला एसटी डेपोच्या मागे सर्वेशचं दुकान. ‘मराठी टायपिंग, झेरॉक्स, इंटरनेट’. चार संगणक, एक पंखा आणि सर्वेशचा आंबट चेहरा.

“मला हे पान उघडून द्या. आणि कसलाही एक प्रिंट काढा,” वर्षाली म्हणाली.

त्याने कुरकुरत कसलासा अर्ज छापला. डाव्या समासात वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ आली. वर्षालीने खारवण्यातला कागद शेजारी ठेवला. तीच रेघ, त्याच जागी.

“ड्रमाक चरो गेलो आसा,” सर्वेश पुटपुटला आणि बोलून बसल्यावर त्याच्या लक्षात आलं.

“म्हणजे पान इथेच छापलं. दोन जानेवारी. वही दाखवा.”

पोलिसांच्या नियमाने गिऱ्हाइकांची वही ठेवावी लागते, ती त्याने आपटलीच. दोन जानेवारी, साडेदहा: ‘र. म. सावंत, दादर’.

“कोण हा?”

“गिऱ्हाइकान नाव लिवल्यान ता मी काय खरा करूक बसू?”

“टायपिंग कोणी केलं? मराठी टायपिंग तुमच्याशिवाय इथे कोणाला येतं?”

सर्वेश लाल झाला. “मॅडम, माझ्याकडे रोज पन्नास माणसां येतत. कोण तक्रार लिवता, कोण निकाल बघता. मी टायपिंगचो धनी, मजकुराचो नाय. आणि गिऱ्हाइकांची नावां सांगूक मी पोलीस नाय.”

“मजकूर खरा की खोटा, विचारलंत?”

“कोण विचारता?” तो म्हणाला, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं. सही करणाऱ्या एकेचाळिसांनी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. खर्डा लिहिताना तिनेही विचारलं नव्हतं.

रागारागाने त्याने पान उघडून दिलं. पडद्यावर फोटो पहिल्यांदाच मोठा आणि रंगीत दिसला. झेरॉक्समधला काळोख नाहीसा झाला. भर उन्हातलं अंगण, गोठ्याचा खांब, सताड उघडं खुराडं, पायरी. वर्षाली खुर्चीत पुढे सरकली. मोकळं होतं ते अंगण. अगदी स्वच्छ, चकचकीत मोकळं. तिने पिशवीवर वाळलेला कोंबडीच्या पायाचा ठसा बघितला आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं.

“ह्याचो रंगीत प्रिंट काढ रे,” ती म्हणाली. मालवणी कधी सुरू झाली ते तिचं तिलाही कळलं नाही. “मोठो. जेवढो मोठो निघता तेवढो.”

५

ग्रामसभा शाळेच्या सभागृहात भरली. एरवी पंधरा डोकी जमत नाहीत, त्या दिवशी दारात उभं राहायला जागा नव्हती. कोणाची तरी खानावळ बंद होताना बघायला माणसं वेळ काढतात. यशोदा मागच्या भिंतीशी एकटी उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जागा सोडलेली. सावित्री पुढे, सर्वेश तिच्या मागे. त्याला वर्षालीने लेखी नोटीस देऊन बोलावलं होतं. बाबली सरपंचांच्या शेजारी खुर्चीवर.

“वाचा अहवाल,” सरपंच म्हणाले.

“आधी फोटो बघा,” वर्षाली म्हणाली आणि तिने रंगीत कागद पहिल्या रांगेत दिला. पहिल्या रांगेत काशीबाई होती. वय ऐंशी, नजर घारीची. तिने कागद लांब धरला.

“गो, ह्या यशोदेचा खळा मा? मगे कोंबड्यो खंय?”

कोणीतरी हसलं.

“हसतास कित्या? हिच्या कोंबड्यो देवळापर्यंत येतत. पायरेर तो पिवळो कुत्रो नाय. खांबाक गाय नाय, दावासुद्धा नाय.” काशीबाईचा आवाज हळूहळू खाली आला. “असा खळा तीन वर्सांत एकदाच दिसता. गावपळणीत.”

हसणाऱ्याने मान पुढे काढून फोटो बघितला.

“म्हणजे ज्या दिवशी हा फोटो निघाला,” वर्षाली म्हणाली, “त्या दिवशी यशोदाताई खाडीपलीकडे खोपीत होत्या. चूल बंद. मग हा प्रवासी कोणाकडे जेवला?”

“नेम मोडलो!” बाबली ताडकन उभा राहिला. “पळणीत गावात रवलो कोण तो? सांगा मॅडम, तेका देवासमोर उभो करतंय!” मागून पंचवीस आवाज उठले. बाह्या वर सरसावल्या गेल्या.

“नेम मोडायची गरज नव्हती,” वर्षाली शांतपणे म्हणाली. “सगळे गेल्यावर गावात फिरायचा मान एकालाच आहे. शेवटचं घर तपासणारा.”

बाबलीचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाशी गेला आणि मोबाइलवर थांबला. तो हात अख्ख्या गावाने पाहिला.

“माझ्या मागसून कोण लपान इलो असतलो,” तो म्हणाला. “कॅमेरो काय माझ्याकडेच आसा? सावित्रीकडे आसा. सर्वेशाकडे आसा.”

“आहे. पण त्या दोघांनी तिसऱ्या लिहिल्या नसत्या. यशोदाताईंच्या दरपत्रकात तिसऱ्या नाहीत. मागायला आलेल्याला त्या सावित्रीबाईंकडे पाठवतात. दरपत्रक टाइप करून दिलं सर्वेशने.” हे तिने त्याच सकाळी पुन्हा ओटीवर जाऊन दरपत्रकाच्या समासातल्या बारीक काळ्या रेघेवरून ओळखलं होतं. “ज्याने हे लिहिलं त्याला या घरात पूर्वी काय शिजायचं ते माहीत होतं. आता काय शिजतं ते माहीत नव्हतं. दोन वर्षं जो त्या ओटीवर चढलेला नाही, अशाने हे लिहिलं.”

सर्वेश उठला. मावशीने त्याचा शर्ट ओढला तो त्याने सोडवून घेतला.

“टायप मीच केलंय. बाबलीकाकांनी सांगितल्यानी. गिऱ्हाइकाची तक्रार आसा, तेका मराठी टायप येणा नाय म्हणान. फोटो मोबाइलातसून काडून घेतलंय. वहीत नावय तेंनीच लिवल्यानी.” तो वर्षालीकडे न बघता म्हणाला, “मजकूर खरो की खोटो, ता मी विचारूक होया होता.”

आणि तेव्हा मागच्या भिंतीकडून यशोदा पुढे आली. लोक आपोआप बाजूला झाले. ती दिरासमोर उभी राहिली, पण बोलली अगदी हळू.

“तुझो भाव लवू तिसऱ्या काढूक म्हणान खाडीत उतारलो. भरती इली, तो इलो नाय. तेच्यामागसून माझ्या घरात तिसरी शिजली नाय. तुका म्हायत नाय, कारण बाराव्यापासून तू पायरी चढलंस नाय.” तिने त्याच्या खिशातल्या मोबाइलकडे बोट केलं. “लिवतलंस तर दुसरा कायव लिवूचा होता रे. बांगडो लिवूचो होतो.”

बाबली खाली बसला. ज्या गोष्टीने सख्खा भाऊ गेला तीच त्याने ताटात भरून ठेवली होती, आणि लिहिताना ती त्याला आठवलीसुद्धा नव्हती.

६

मग जे झालं त्याने वर्षालीचं डोकं फिरलं. तेच एकेचाळीस लोक आता बाबलीवर तुटून पडले. मान काढा, वाळीत टाका, मुंबईच्या मुलालाही गावात घेऊ नका! कोणी म्हणालं रिसॉर्टवाल्याने त्याला लाख दिले, दुसऱ्या मिनिटाला त्याचे पाच लाख झाले. कोणी मोजले होते? कोणी बघितले होते? विचारणारं कोणी नव्हतं.

“गप बसा!” वर्षाली ओरडली. सरकारी बाई असं ओरडते हे खारवण्याने प्रथमच ऐकलं. “आठ दिवसांपूर्वी तुम्ही असेच ओरडत होतात. ह्या बाईविरुद्ध. अर्जावर एकतरी माणूस तिच्याकडे जेवून आजारी पडला होता का? एकाने तरी तिला जाऊन विचारलं का?” मग तिने खर्डा काढला आणि सगळ्यांदेखत फाडला. “मीही विचारलं नव्हतं. म्हणून हा फाडते.”

तक्रार खोटी, असा अहवाल तिथेच लिहिला गेला. भोजनालय चालू राहिलं.

सभा उठताना यशोदा तिच्याकडे आली. आभारबिभार काही मानले नाहीत. “त्या अर्जाची झेरॉक्स माका मिळात?”

नियमाने देता येत होती. वर्षालीने दिली. यशोदा तिथेच बाकावर बसली आणि सह्यांवरून बोट फिरवत एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. दाराकडे निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. प्रत्येक नावानंतर ती मान वर करायची, त्या माणसाला गर्दीत शोधायची आणि विचारायची, “तुझा पोट कधी दुखला रे?” सावित्रीपासून सुरुवात झाली. एकेचाळीस नावं संपेपर्यंत कोणाला बाहेर पडता आलं नाही.

ते पान अजून इंटरनेटवर आहे. सर्वेशने साईटवाल्यांना तीनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. उलट त्याखाली नवे अभिप्राय येत राहिले. ‘आम्हालाही तिथे असाच त्रास झाला’ असं नागपूरच्या कोणी लिहिलं. तेही अर्थात नाव न देता.

एप्रिलमध्ये वर्षाली पाणी तपासायला वाडीत गेली तेव्हा यशोदाकडे दोन टेबलं भरली होती. कोंबड्या खुर्च्यांखाली फिरत होत्या. दरपत्रकाशेजारी काचेच्या चौकटीत तो अर्ज टांगलेला होता, सगळ्या सह्यांसकट. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाला तो रस्त्यावरून दिसायचा.

जेवता जेवता एका पाहुण्याने विचारलं, “काकू, ही कोणाची नावं?”

“शेजाऱ्यांची,” यशोदा म्हणाली आणि त्याच्या वाटीत सोलकढी ओतली.